मेंढरं कुणी काढली?

माझ्या सासूबाईंना, अनसाबाईंना, आयुष्यभर एकाच बाईचा हेवा वाटला: त्यांच्या चुलतबहिणीचा, धुरपदामावशीचा. आणि मला सासूबाईंचा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते वाचताना कुणी उगाच माझी बाजू घ्यायला नको.

आम्ही न्हावऱ्याचे. कांदा, थोडा ऊस, चार गायी. आमचे हे, म्हणजे पप्पू, शेती आणि दूध बघतात. मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटीला आहे. सकाळी सहाला बस येते, त्यामुळे माझी मुलगी ज्ञानेश्वरी उठायच्या आत मी गेलेली असते. तिची वेणी आत्या घालतात. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. डबा आत्या भरतात, शाळेतल्या बाईंचा फोन आला तर तोही आत्याच उचलतात आणि "मम्मी कामाला गेलीय" असं अशा आवाजात सांगतात की जणू मी घर सोडून गेलेय. मागच्या वर्षी पोरीला ताप आला तेव्हा मी अख्खी रजा टाकून तिच्या उशाशी बसले. तिने डोळे उघडले, मला पाहिलं आणि विचारलं, "आजी कुठंय?"

आजी गोठ्यात होती. मी हाक मारून बोलावलं. काय करणार?

आत्यांना लिहिता-वाचता येत नाही. आपली एसटी कुठली हे त्या कंडक्टरला न विचारता, कोण कोण चढतंय ते बघून ओळखतात. पण कुणाची शेळी अडली की न्हावऱ्यातली अर्धी माणसं मोटरसायकल घेऊन आमच्या दारात. आत्या तशाच उठतात, पदर खोचतात, मागे बसतात आणि तासाभरात दोन करडं जगात आणून परत येतात. आल्यावर चहा मागतात आणि त्या घरच्या बाईने चहा विचारला नाही याबद्दल आठवडाभर बोलतात. जीभ तिखट. माझ्या भाकरीला त्या "कंपनीची भाकर" म्हणतात.

हे जनावरांचं ज्ञान माहेरचं. आमची जात मेंढपाळांची, पण सासरची माणसं दोन पिढ्यांमागे शेतीत स्थिरावली. आत्यांचे वडील दगडोबा, घरच्यांचे आबा, मात्र शेवटपर्यंत मेंढरांमागेच राहिले. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादायचं आणि घाट उतरून कोकणात जायचं. तिकडे भात निघालेल्या खाचरांत रात्री मेंढरं बसवायची. लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात शेतकऱ्याकडून तांदूळ. उन्हाळा सरत आला की उलटी वाट. लग्न होईपर्यंत आत्या दरवर्षी हे अंतर पायी चालल्या. त्यांच्याबरोबर धुरपदामावशीही. मावशीचे आईवडील ती लहान असतानाच गेले होते, म्हणून दगडोबांनी पुतणीला आपल्याच बिऱ्हाडात वाढवलं.

आता ती गोष्ट, जी आमच्या घरात देवाच्या आरतीसारखी म्हटली जाते.

आत्या नऊ वर्षांच्या होत्या. समुद्राकाठी सुरूच्या झाडांची एक वाडी होती, तिथे त्या वर्षी पहिल्यांदाच मुक्काम पडला होता. किनाऱ्यापासून थोडं आत वाळूचा एक उंचवटा, त्यावर गवत. सकाळी पाणी मागे हटलेलं, मधली वाळू कोरडी. मेंढरं चालत चालत उंचवट्यावर गेली आणि खारट गवताला लागली. आमच्या देशावरच्या माणसांना पाणी म्हणजे विहिरीचं, नदीचं. सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी. भरती म्हणजे काय हे कुणाला ठाऊक? दुपारी बघतात तर मधली वाळू गायब. साठ-सत्तर मेंढरं उंचवट्यावर, चहूकडून पाणी, आणि ते चढतंय. मोठी माणसं लांब. तेव्हा नऊ वर्षांच्या अनसाने काय केलं? छातीभर पाण्यातून ती पलीकडे गेली, कळपाच्या पुढे चालणाऱ्या घंटावाल्या शेळीला शिंगाला धरलं आणि तिला ओढत पाण्यात उतरली. शेळी उतरली तशी मेंढरं मागून उतरली. एकही गेलं नाही.

ही गोष्ट ज्ञानेश्वरीने झोपताना किती वेळा ऐकली असेल याला गणती नाही. चौथीत 'माझी आवडती व्यक्ती' या विषयावर तिने हीच गोष्ट लिहिली, पहिला नंबर आला आणि गॅदरिंगला स्टेजवर वाचून दाखवली. आत्या पहिल्या रांगेत, नव्या लुगड्यात. मी शेजारी. सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, म्हणजे कुणाला माझं तोंड दिसू नये. नऊ महिने पोटात मी वाढवलं आणि आवडती व्यक्ती म्हणून नंबर लागला मेंढरं काढणारीचा!

त्यानंतर महिन्याभराने खुटबावला धुरपदामावशीच्या नातवाचं जावळ होतं. आत्यांना आमंत्रण आलं की त्यांचा गुडघा दुखतो, आणि हा गुडघा फक्त खुटबावच्या वाटेवरच दुखतो. "तू जाऊन ये," म्हणाल्या. मी गेले. मावशीचं दोन मजली घर, दारात पपईची झाडं, मावशी साठीतही काठीसारखी सरळ, सगळे दात जागेवर. आत्यांचं पोट का दुखतं ते पायरीवरच कळलं.

मावशीची सून सोनम माझ्याच वयाची. आम्ही दोघी भांडी विसळत असताना ती सहज म्हणाली, "आमच्या सासूबाई लहानपणी लय धाडसी व्हत्या, माहितीय का? दर्यातनं सत्तर मेंढरं काढली एकटीनं. शेळीला शिंगाला धरून."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"कुणी काढली?" मी विचारलं.

"सासूबाईंनी. त्याच्यावर त्यांच्या चुलत्यानं खूश होऊन ह्यांना एक कोकरू दिलं. ह्यांच्या नावाचं. त्याची पिलावळ वाढत गेली, लग्नात त्या मेंढ्या संगं घेऊन आल्या. हे घर त्यातूनच उभं राहिलंय म्हणायचं."

मुलीच्या नावाची मेंढी ही आमच्यात खरी रीत होती. बापाने लेकीला एक मादी कोकरू द्यायचं, त्याची सगळी पिल्लं तिची, आणि सासरी जाताना ती तिच्याबरोबर. पण दगडोबांनी कोकरू दिलं ते पुतणीला. पोटच्या लेकीला नाही. परत येताना एसटीत माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. आत्यांनी गोष्ट चोरली होती. आणि खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही. मला आनंद झाला.

मार्च महिन्यात ज्ञानेश्वरीने हट्ट धरला, आजीचा समुद्र बघायचाच. ह्यांचा मित्र गोकुळ याची सात सीटची गाडी आहे, त्यानेही तयारी दाखवली. सासरे, सोपानराव, गायींच्या धारांसाठी घरी थांबणार होते. दोन सीट रिकाम्या राहत होत्या. मी चहा ओतता ओतता म्हटलं, "मावशींना घेऊया की. त्याही तिथल्याच."

आत्यांचा कप बशीवर आपटला. "तिला कशाला?"

"तुमचं बालपण एकत्र गेलं ना."

"तिचं पोट ढवळतं गाडीत."

"मी फोन केला होता. त्या म्हणाल्या, काही नाही होत."

"मग झालं तर. फोन बी करून मोकळी झाली," आत्या म्हणाल्या आणि उठून गोठ्यात गेल्या. ज्ञानेश्वरी मात्र नाचायलाच लागली. अजून एक आजी, जिने सगळं डोळ्यांनी पाहिलंय! ती मावशीची मुलाखत घेणार होती, ह्यांच्या मोबाइलवर, व्हिडिओ करून.

पहाटे निघालो. खुटबावला मावशी पिशवी घेऊन रस्त्यावरच उभी होती. गाडीत बसताच तिने आत्यांचा हात धरला. "अनसे, किती वाळलीस गं!"

"तुझ्यासारखं बसून खायला मिळत न्हाई आमाला," आत्या म्हणाल्या.

ताम्हिणी घाट सुरू झाला आणि पोट ढवळलं ते आत्यांचंच. गोकुळने गाडी कडेला घेतली. आत्या दगडावर बसून ओकत होत्या आणि मावशी मागून त्यांचं कपाळ धरून उभी होती. तोंड धुवायला पाणी दिलं, पिशवीतून आवळ्याची सुपारी काढून दिली. आत्यांनी ती खाल्ली. गाडीत बसताना माझ्या कानाशी पुटपुटल्या, "हिला बरं काय व्हत न्हाई. लहानपणापास्नं अशीच. काट्यावरनं चालंल, पायात काटा माझ्या."

मला हसू आलं, कारण मला ते इतकं ओळखीचं होतं. मीही आत्यांबद्दल आईला फोनवर याच सुरात सांगते.

पुढे वाटेत दोघी काचेतून बोट दाखवत राहिल्या. इथे पाणी होतं, इथे घोडा बसला होता, इथे पावसात अडकलो होतो. जागा मावशीला आधी आठवायची. आत्या लगेच म्हणायच्या, "व्हय, मी तेच सांगणार व्हते." ज्ञानेश्वरी दोघींच्या मध्ये बसून एकीकडून दुसरीकडे मान वळवत होती. माझ्याकडे तिने माणगाव येईपर्यंत एकदाच वळून पाहिलं, तेही पाण्याच्या बाटलीसाठी.

वाडी सापडायला वेळ लागला. सुरूची झाडं अजून होती, पण ज्या खाचरांत मेंढरं बसायची तिथे आता राहण्या-जेवणाची सोय असलेली घरं आणि रंगीत पाट्या. आम्ही खोल्या घेतल्या, जेवलो आणि उन्हं कलायच्या आत किनाऱ्यावर गेलो. ओहोटी होती. आणि समोर, अगदी गोष्टीतल्यासारखा, वाळूचा तो उंचवटा. वर गवत. मधली वाळू ओली, पण उघडी.

"हाच!" ज्ञानेश्वरी ओरडली. "आजी, हाच ना?"

आत्यांनी मान हलवली. हे आणि गोकुळ पँट दुमडून पाण्यात गेले. दोघेही पस्तिशीचे बाप्ये, पाण्यात पाय बुडाले तसे शाळा बुडवलेल्या पोरांसारखे एकमेकांवर पाणी उडवायला लागले. आम्ही बायका आणि पोरगी वाळूवर बसलो. आत्यांनी मावशीपासून हातभर अंतर ठेवलं. मग उठल्याच. म्हणाल्या, "ऊन लागतंय, रूमवर जाऊ."

"थांबा की आत्या," मी म्हटलं. "ज्ञानूला व्हिडिओ करायचाय. मावशी, तुम्ही होता ना त्या दिवशी? सांगा की, मेंढरं कशी काढली."

मी 'कुणी काढली' म्हटलं नाही. तेवढी हुशारी माझ्यात आहे.

ज्ञानेश्वरीने मोबाइल धरला. आत्या उभ्याच. त्यांचा चेहरा मी आजवर एकदाच तसा पाहिला होता, गाय विजेच्या तारेला चिकटली तेव्हा. मला कळत होतं की या बाईकडे नातीला द्यायला दुसरं काही नाही. शेती मुलाच्या नावावर, दागिने मोडून बोअर घेतलेली. ही एक गोष्ट होती, आणि ती आता जाणार होती. मी वाळूवर नीट मांडी घालून बसले.

मावशीने आधी आत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ. आणि बोलायला लागली.

"काय सांगू पोरी तुला. तुझी आजी लय आगाऊ. आमी समदी रडत व्हतो, मी तर त्या झाडाखाली बसून भोकाड पसरलं व्हतं. आन् ही गेली की पाण्यात! लाट आली तशी आमाला दिसंना झाली. मला वाटलं, गेली अनसी. मग बघती तर पलीकडं उभी. शेळीचं नाव मोरी. शिंग मोडकं व्हतं एक. मोडक्या बाजूनं हात घसरला तशी हिनं कान धरला. मेंढरं अशी रांगेत आली, आन् शेवटी एक लंगडं कोकरू ऱ्हायलं व्हतं, त्याच्यासाठी परत गेली. परत! काखंत मारून आणलं."

मोडकं शिंग, कान, लंगडं कोकरू. आत्यांच्या गोष्टीत यातलं काहीच नव्हतं. जिने केलं तिलाच हे माहीत असणार. आणि ती ते सगळं, एक एक तपशील साफ करून, माझ्या सासूच्या पदरात टाकत होती. हसत हसत. ज्ञानेश्वरीचे डोळे एवढे मोठे झाले होते. माझा सगळा बेत पाण्यात गेला. मी रागाने वाळू मुठीत घट्ट धरली.

आणि तेवढ्यात आत्या किंचाळल्या.

"गप ए धुरपे! गप बस!"

ज्ञानेश्वरीच्या हातातला मोबाइल हलला. लांबून ह्यांनी वळून पाहिलं.

"भीक घालतीस व्हय मला? आयुष्यभर तूच मोठी. आबाला तूच शहाणी, तुलाच कोकरू, तुझंच घर, तुझंच दात. आता खोटं बोलून बी तूच मोठी! मला नगं तुझं काय!"

"अनसे, पोर ऐकतीय," मावशी हळूच म्हणाली.

"ऐकू दे!" आत्या धाडकन खाली बसल्या, ज्ञानेश्वरीसमोर. "ऐक गं. मेंढरं हिनं काढली. मी न्हाई. मी त्या झाडाखाली रडत व्हते. आन् अजून ऐक. राखण माझी व्हती त्या दिवशी. मी मेंढरं सोडली आन् शिंपल्या येचत तिकडं पार टोकापतुर गेले. माझ्यामुळं गेली मेंढरं तिथं. आबा आला, त्यानं इचारलं, राखणीला कोण व्हतं? मी तोंड उघडायच्या आत ही म्हणली, मी. आबानं अशी कानफटात दिली हिच्या, ही पडली. मी बघत उभी. गप. तवा मला काय वाटलं न्हाई. आन् दुसऱ्या दिशी आबानं हिला कोकरू दिलं, म्हणला, चुकली तर चुकली, पर जीव घालून निस्तारलं. तवा मातर माझ्या पोटात असं दुखाय लागलं, ते आजून थांबलं न्हाई."

मला हे माहीत नव्हतं. सोनमलाही माहीत नसणार. कानफटीत खाल्ल्याचं मावशीने आपल्या घरातही कधी सांगितलं नव्हतं.

"अगं, ती चापट केवढीशी," मावशी म्हणाली. "मला कोण आईबाप व्हतं? तुमच्या घरात ऱ्हायची. तुला मार बसला असता तर काकीनं तोंड पाडलं असतं, मग मलाच जड गेलं असतं. म्हणून बोलले. त्यात काय मोठेपणा?"

"हे बघा! हे बघा आजून!" आत्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू मी पंच होते. "ह्यात बी मोठेपणा न्हाई म्हणती. हिला काय करावं?" आणि रडायला लागल्या.

ज्ञानेश्वरीने मोबाइल खाली ठेवला होता. ती आजीकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे मी स्टेजवर खोटं वाचलं?"

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"सगळ्या शाळेसमोर?"

पोर उठली आणि पाण्याच्या दिशेने चालत गेली. तिथे पाठ करून उभी राहिली. पाणी फिरलं होतं. उंचवट्याकडे जाणारी वाळू एका बाजूने हळूहळू झाकत होती. ह्यांनी तिला हाक मारली, ती आणखी दोन पावलं पुढे गेली.

आता मला खूश व्हायला हवं होतं. व्हायचं ते झालं होतं, माझ्या कल्पनेपेक्षाही पुरतं. आत्या गुडघ्यांत डोकं घालून बसल्या होत्या आणि एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. मावशी माझ्या शेजारी सरकली. समुद्राकडेच बघत, आवाज न चढवता तिने विचारलं, "शितल, सोनमनं तुला सांगितलं व्हतं न्हवं? जावळाच्या दिशी?"

मी मुठीतली वाळू सोडून दिली.

"म्हणून मला आणलंस."

"तसं नाही मावशी," मी म्हटलं.

"बरं," मावशी म्हणाली. त्या 'बरं'ने माझे कान तापले. मला तेव्हा आत्यांचं पोटदुखणं शंभर टक्के पटलं. या बाईसमोर माणूस आपोआप छोटं होतं.

थोड्या वेळाने ज्ञानेश्वरी परत आली. माझ्याकडे येईल असं मला वाटलं. खरंच वाटलं. मी पदराने बाजूची वाळूही झाडली. पोरीचं मन मोडलंय, अशा वेळी आईच लागते. ती माझ्यासमोरून गेली आणि आजीजवळ जाऊन बसली.

"आजी," ती म्हणाली, "तू शिंपले वेचत होतीस तेव्हा तुला मेंढरांचं आठवलंच नाही का?"

"आठवलं व्हतं," आत्या नाक ओढत म्हणाल्या. "म्हणलं, आजून थोडं येचू, मग जाऊ."

ज्ञानेश्वरीने मान डोलवली, अगदी मोठ्या माणसासारखी. मग आजीच्या गळ्यात हात टाकून कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागली. बराच वेळ. मधे एकदा थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कानात शिरली. आत्यांचं रडं थांबलं. त्यांनी एकदा "आगं बया!" म्हटलं. मग काहीतरी विचारलं, पोरीने उत्तर दिलं, पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्यांनी तिला पदराखाली ओढली. दोघी तशाच बसून राहिल्या, पाणी पायांपर्यंत येईपर्यंत.

काहीतरी होतं. माझ्या मुलीने काहीतरी केलं होतं किंवा तिच्याकडून काहीतरी झालं होतं, शाळेत, घरात, कुठेतरी, आणि किती दिवस ती ते घेऊन फिरत होती देव जाणे. मला त्याचा पत्ता नव्हता. मी दोन हातांवर होते.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. आत्या आणि मावशी मागच्या सीटवर एकमेकींवर डोकी टाकून झोपल्या होत्या. त्याआधी अर्धा तास आत्यांनी मावशीला ऐकवलं होतं की जेवताना मावशीला सुरमईचा मोठा तुकडा वाढला आणि आपल्याला शेपटी. म्हणजे तब्येत पूर्ववत होती. ज्ञानेश्वरी मधल्या सीटवर माझ्या शेजारी होती. पुढे गोकुळ आणि हे कांद्याच्या बाजाराबद्दल बोलत होते.

मी हळूच विचारलं, "काल आजीला काय सांगितलंस गं?"

"काही नाही."

"मला सांग की. मी रागवणार नाही."

"ते आजीला सांगितलंय," ती म्हणाली. "आजी म्हणाली, सोमवारी आपण दोघी शाळेत जाऊन बाईंना सांगू."

"मी येऊ का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, उद्धटपणेही नाही. अडचण समजावून सांगावी तसं म्हणाली, "मम्मी, तू कधी काही चुकतच नाहीस ना. तुला कसं सांगायचं?"

तेव्हाच सांगता आलं असतं. माझ्याकडे होतं की सांगण्यासारखं, चोवीस तासही झाले नव्हते. 'ज्ञानू, मावशीला मी का आणलं माहितीय का? आजीची गोष्ट खोटी आहे हे मला आधीच कळलं होतं. तुझ्यासमोर तिची फजिती व्हावी म्हणून आणलं. कारण तू ताप आल्यावर तिला हाक मारतेस.' एवढीच वाक्यं. साठीतल्या अडाणी बाईने सगळ्यांदेखत, भर किनाऱ्यावर, पन्नास वर्षांचं बोलून टाकलं, आणि क्वालिटी खात्यात दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या मला शेजारी बसलेल्या लेकीला हे सांगता येईना. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "भूक लागलीय का?"

"नाही," ती म्हणाली, आणि सीटवर गुडघे टेकून मागे वळून आजी उठली का ते बघायला लागली.

सोमवारी मी रजा मागितली, मिळाली नाही. खरं तर मागितलीच नाही. त्या दोघी शाळेत जाऊन आल्या. बाई काय म्हणाल्या ते मला आत्यांनीही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "तिचं तिला सांगू दे." तेव्हापासून मी रोज सहाच्या बसला जाण्याआधी आजीच्या कुशीत झोपलेल्या पोरीकडे बघते आणि ठरवते, आज संध्याकाळी सांगायचं. या गोष्टीला आता तीन महिने होत आले.